दूध सोडलेले चेअरमन

श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापुरात पहाटे दूध संकलन केंद्रावर गेलात तर एक गंमत दिसेल. दारात किटल्यांची रांग लागलेली असते. काट्यावर दूध ओतलं जात असतं, फॅटचं मशीन आकडे दाखवत असतं. टेबलामागे पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बसलेले असतात आणि त्यांच्या हातात कोऱ्या चहाचा कप असतो, शाईसारख्या काळ्या चहाचा.

हे आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन, भानुदास आण्णा. गावाचं सगळं दूध त्यांच्या डोळ्यांसमोरून जातं आणि त्यातला थेंबही ते गेल्या पोळ्यापासून तोंडात घेत नाहीत. दही नाही, ताक नाही, तूप नाही. कोणाच्या पोरग्याला नोकरी लागली तर पेढासुद्धा नाही. पेढा कपाळाला लावतात आणि शेजारच्याच्या हातावर ठेवतात.

"चेअरमन, तुमीच पीत न्हाई, मग आमी कोन्च्या तोंडानं लोकांला पाजायचं?" एकदा रांगेतल्या एकानं विचारलंच.

"वखारवाल्याला लाकूड खाताना बघितलंय का कवा?" आण्णा मान वर न करता म्हणाले. "फॅट तीन-आठ. पुढं सरक."

शहरात या प्रकाराला व्हीगन म्हणतात. आण्णांनी तो शब्द एकदा उच्चारून पाहिला, त्यांना पटला नाही. तेव्हापासून ते त्याला "आपलं चालू हाय ते" एवढंच म्हणतात.

माझं घर त्यांच्या घराला लागून. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. आमच्या घरात तेव्हा एकच दिवा होता आणि त्याच्याखाली सगळा संसार चालायचा, म्हणून आण्णांनी मला संकलन केंद्राची मागची खोली अभ्यासाला उघडून दिली होती. वर रोज सकाळी पेलाभर दूध. "डोक्याला लागतं," म्हणायचे, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. माझ्या पदवीत त्या दुधाचा वाटा किती हे मोजायचं मशीन अजून निघालेलं नाही. आज मी गावच्या शाळेत शिकवतो आणि आण्णा मला मास्तर म्हणतात. तेव्हा या माणसानं दूध सोडलं याचा सगळ्यात मोठा धक्का गावात कोणाला बसला असेल तर मला.

कारण घरातलंच होतं.

आण्णांची एकुलती मुलगी सुवर्णा. तिचं लग्न पुण्याच्या निखिलशी झालं. मुलगा शांत, नोकरीत चांगला. दिवाळसणाला दोघं आली, आणि पहिल्याच सकाळी निखिलनं दुधाचा चहा नको म्हणून हात जोडले. आण्णांच्या बायकोला, मालनकाकूंना वाटलं, नवीन जावई लाजतोय. दुपारी त्यानं तूप नको म्हटलं, तेव्हा काकूंनी त्याच्या पोळीवर दोन पळ्या जास्तच सोडल्या. त्यानं ती पोळी बाजूला सारली आणि चटणी-भाकरी खाल्ली.

पंगतीत सगळ्यांच्या देखत आण्णा म्हणाले, "जावईबापू, ज्या पोरीशी लगीन केलंत ती दुधाच्या पैशावर शिकलीय. दुधाला नाक मुरडनारा मानूस ह्या घरात आज पहिल्यांदा जेवतोय."

निखिलनं सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णा बोलली. "आण्णा, मीही सोडलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हते."

भाऊबीजेपर्यंत राहणार होती, ती दुसऱ्या दिवशीच निघाली. त्यानंतर तिचा फोन यायचा, पण काकूंच्या मोबाईलवर. फोन वाजला की आण्णा जवळच्या खुर्चीवर येऊन पेपर उघडायचे. एकदा तो पेपर उलटा होता.

पुढच्या पोळ्यालाही ती आली नाही. बैलांच्या शिंगांना रंग द्यायला लहानपणी सगळ्यात पुढे तीच असायची. त्या संध्याकाळी आण्णा माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, आपले जावई काय खात्यात आन् काय न्हाई, तेवढं शोधून काढायचंय."

"त्यांनाच विचारा की."

"विचारलं तर म्हनतील, काही करू नका, आमचं भागतंय. शिकलेली मानसं असंच म्हनत्यात. मला माझ्या जिभेनं बघायचंय. करून बघू, मग बोलू."

'करून बघू, मग बोलू' हे त्यांचं जुनं वाक्य. या वाक्यावर त्यांनी गावात पहिलं फॅटचं मशीन आणलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची मोहीम शांतिलालशेठच्या किराणा दुकानात सुरू झाली. मी बरोबर असायचो, कारण पुड्यांवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायची होती. आण्णा पुडा उचलायचे, मी वाचायचो, आण्णा निकाल द्यायचे. बिस्किटं गेली, टोस्ट गेले, चॉकलेट तर उघडच गेलं. एका पुड्यावर मी वाचलं, "दुधाचे घन पदार्थ."

"घन?" आण्णांनी पुडा माझ्या हातातून घेतला. "जनम गेला माझा दुधात. दूध घट्ट झालं की मी कॅन परत पाठवतो. ही लोकं इकत घेत्यात?"

शांतिलालशेठ आधी कुरकुरत होते. मग त्यांनाच चव लागली. ते स्वतः फळीवरून माल काढून विचारू लागले, "चेअरमन, हा बघा. चिक्की. गूळ आन् शेंगदाणे. ह्याच्यात कोण दूध घालील?" पास. पोहे, चुरमुरे, फरसाण, पापड, सगळ्या डाळी, मटकी, ज्वारी, बाजरी, गूळ, तीळ, खोबरं, लाकडी घाण्याचं तेल, एकेक पास होत गेलं. शेवटी आण्णा दुकानाच्या मध्यभागी उभे राहिले आणि चारी बाजूंना बघू लागले.

"मास्तर, ह्या बिस्किटांची एक फळी आन् ते फ्रीज सोडलं तर अख्खं दुकान चालतंय की. पिठलं, भाकरी, ठेचा, उसळ, आमटी, भरली वांगी. हे काय पुन्याचं न्हाई, हे आपलंच जेवन हाय. माझ्या बानं पहिली म्हैस घेतली तवा मी सातवीत हुतो. तवर मी काय उपाशी हुतो?"

हे म्हणताना त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो सोसायटीच्या निवडणुकीत बिनविरोध आले तेव्हाही मी पाहिला नव्हता.

घरचं जमलं. बाहेरचं जमेना. आण्णांचं म्हणणं, पोरं पुण्याहून निघाली तर मधे कुठंतरी जेवणारच. तेव्हा नगर रस्त्यावरची हॉटेलं आपण आधी तपासली पाहिजेत. सुट्टीच्या दिवशी ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसायचे आणि आम्ही राहुरीपर्यंत, कधी नगरपर्यंत जायचो.

पहिल्या हॉटेलात त्यांनी वेटरला सांगितलं, "भाकरी आन् डाळ दे. दूध, दही, तूप, लोनी काय नको."

"जैन का?"

"न्हाई."

"उपवास?"

"आरं, भाकरी मागतोय आन् उपास कसला."

"मग पनीर देऊ का? पनीर म्हंजी काय दूध न्हाई."

आण्णांनी त्याला पनीर कसं होतं ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि डाळ आणली, वर तुपाची फोडणी. दुसऱ्या हॉटेलात रोटीवर लोणी आलं. तिसऱ्यात मालकच येऊन म्हणाला, "काका, थोडंसं हाय, कळत पन न्हाई." आवड म्हटलं की लोकांना तो नखरा वाटायचा. पथ्य म्हटलं की जो तो वैद्य व्हायचा आणि ताकाचे फायदे सांगायचा.

आमची गाडी रुळावर आली ती शिर्डीत. दर्शन घेऊन आम्ही एका हॉटेलात शिरलो. वेटरनं नेहमीचं विचारायला सुरुवात केली, आण्णा दमलेले होते, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, नवस हाय. दूध-तूप सोडलंय."

वेटरनं वही खिशात ठेवली आणि आत गेला. पाठोपाठ आचारी स्वतः बाहेर आला, पंच्याला हात पुसत. "काका, कढई घासून वेगळी लावतो. तेलातच करतो सगळं. दहा मिनिटं बसा." कोरडी रोटी, तेलाच्या फोडणीची डाळ, वांग्याची भाजी, दही न घातलेली कांद्याची कोशिंबीर, सगळं न मागता आलं. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी जाताना आण्णांना वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले, पण उशीर झाला होता.

आमच्या भागात माणसाच्या आवडीला कोणी विचारत नाही, नवसाला मात्र सगळे वाट करून देतात. ती किल्ली हाती आल्यावर आण्णांनी नगर रस्ता जिंकला. कुठे मिसळ चालते, पण पाव विचारून घ्यावा लागतो. कुठे वडा चालतो. कुठे शेंगोळे मिळतात तेही लाकडी घाण्याच्या तेलातले. ही सगळी माहिती काकूंमार्फत पुण्याला जायची, आपलं नाव न सांगता. "तू म्हन, पेपरात आलंय," असं ते काकूंना बजावायचे.

गावात मात्र पंचाईत झाली. नवसाची बातमी आमच्या आधी बेलापुरात पोचली आणि जो तो विचारू लागला, नवस कशाचा? कोणी म्हणे निवडणुकीचा, कोणी म्हणे गुडघ्यांचा. आण्णा म्हणायचे, "झाला की सांगीन." एकदा परतताना गाडीवर मागून त्यांचा आवाज आला, "मास्तर, मी देवाच्या गावात खोटं बोललो का रं?"

मी म्हटलं, "मनात काही धरून सोडलंय ना? मग नवसच झाला."

आण्णांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "गाडी जरा हळू घे."

चहाचं दुखणं मात्र काही केल्या मिटेना. मोबाईलवर कोणीतरी शेंगदाण्याचं दूध काढून दाखवलं होतं. आण्णांनी शेंगदाणे भिजवले, वाटले, काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून पिळले. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"म्हशी पिळताना बघितलं, गायी पिळताना बघितलं. शेंगदान्याची धार काढनारा मानूस माझ्याच नशिबात हुता."

चहा उकळला तशी ती धार फाटली. वर तेल, खाली चोथा. आण्णांनी तरीही तो कप संपवला, कारण करून बघू म्हटल्यावर ते अर्ध्यात सोडत नाहीत. संपवून म्हणाले, "कोरा बरा." सोयाबीनचं दूध श्रीरामपुरातून आणलं, ते घरच्या मांजरानंही हुंगून सोडलं. तेव्हापासून कोरा चहा आणि त्यात किसलेलं आलं, हे कायम झालं.

मग यंदा अधिक महिना आला.

अधिकातलं धोंड्याचं जेवण म्हणजे आमच्याकडे जावयाचा सगळ्यात मोठा मान. पुरण भरून कणकेचे गोळे वाफवायचे, वर तुपाची धार. जावयाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, कपडे करायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. काकूंनी फोन लावला. आण्णा पेपर घेऊन बसलेच होते.

सुवर्णानं आढेवेढे घेतले, मग म्हणाली, "येतो आई. पण तासाभरासाठीच. आणि तू आमच्यासाठी वेगळं काही करू नकोस, आम्ही डबा घेऊन येऊ."

काकूंनी फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. धोंड्याच्या जेवणाला येणारा जावई आपला डबा घेऊन येणार, हे आमच्या गावात कोणी ऐकलं असतं तर पिढ्यान्‌पिढ्या सांगत बसलं असतं.

आण्णांनी पेपराची घडी केली. "मालन, डबा उघडायचा न्हाई. काय वाटंल ते झालं तरी तो डबा ह्या घरात उघडला नाय पायजे."

"आन् धोंड्यावर तूप नसलं तर ते धोंडं कसलं?" काकू म्हणाल्या.

"आपल्या लग्नाच्या वर्षी दुष्काळ हुता. घरात थेंबभर दूध-तूप नव्हतं. तू पुरनपोळी केलीस तवा संगं काय वाढलंस?"

काकू थांबल्या. "गुळवनी."

"मी किती पोळ्या खाल्ल्या?"

"लाज न्हाई वाटली तुमाला, तेवढ्या."

प्रश्न मिटला. म्हणजे मला वाटलं मिटला. आदल्या दिवशी संध्याकाळी आण्णा पिशवीत तुपाची बरणी घेऊन माझ्या दारात उभे. "ही उद्यापर्यंत तुझ्याकडं ठेव. तुझी काकू देवमानूस हाय. पन वाढायला बसली की तिचा हात आपोआप बरनीकडं जातो, तिला कळत पन न्हाई." आमच्या आईनं ती बरणी फळीवर ठेवली आणि रात्रीच्या खिचडीवर त्यातला चमचाभर घ्यावा का, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली.

सकाळी निरांजनावरून पुन्हा वाजलं.

"ओवाळायलाबी तेल?" काकू म्हणाल्या.

"समईत काय असतं?"

"ती समई."

"मग समईनं ओवाळ."

"जावयाला समईनं ओवाळत्यात का कुठं? हातात धरवंल का ती?"

शेवटी निरांजनातच तिळाचं तेल घालून ज्योत लावली. ती तुपाच्या ज्योतीपेक्षा मोठी झाली आणि काकूंनी हार मानली.

दुपारी गाडी आली. सुवर्णा उतरली, तिच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत डब्याचा आकार. आण्णांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग मुलीकडे. "उन्हाचा लई तरास झाला असंल," एवढंच म्हणाले. तिनं पिशवी खिडकीत ठेवली. ओवाळणं झालं, पंगत बसली. आण्णांचे चुलत भाऊ बबनतात्या आणि मी, एवढेच बाहेरचे. आण्णा जेवायला बसले होते निखिलच्या शेजारी, पण त्यांची नजर खिडकीतच होती.

निखिल हळूच म्हणाला, "आई, आमचं राहू द्या. आम्ही डबा..."

"जावईबापू," आण्णा म्हणाले, "एक घास बघा. न्हाई पटलं तर डबा हायेच."

काकूंनी धोंडे वाढले, वर घाण्याच्या तेलाची धार सोडली, वाटीत गुळवणी वाढली. वेलदोड्याचा वास सुटला. भरली वांगी, मटकीची उसळ, कटाची आमटी, कुरडया. निखिल ताटाकडे बघत राहिला. तो विचारू शकत नव्हता आणि विचारल्याशिवाय खाऊ शकत नव्हता.

तेवढ्यात बबनतात्या म्हणाले, "वहिनी, तूप इसरलात."

"आज तूप न्हाई," आण्णा म्हणाले.

"दूध सोसायटीच्या चेअरमनच्या घरात तूप न्हाई? आरं, आमच्याकडून आनायचंस. लोकं काय म्हनतील, जावयाला कोरडं जेवू घातलं."

"गुळवनी घे आन् गप जेव."

तात्यांनी नाइलाजानं धोंडं कुस्करलं, गुळवणीत बुडवलं, तोंडात घातलं. चावता चावता त्यांचं बोलणं बंद झालं. मग त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करून पुढे केली. "आपली आई करायची तसली. वहिनी, भांडंच इकडं ठेवा."

निखिलनं धोंडं मोडलं. पहिलं संपलं, दुसरं त्यानं स्वतः मागितलं. खिडकीतल्या पिशवीकडे आता कोणी बघत नव्हतं, आण्णा सोडून. तिसऱ्या धोंड्याला तो म्हणाला, "आण्णा, आमच्यामुळे आज सगळ्यांना बिनतुपाचं जेवावं लागलं. एका दिवसापुरतं का होईना, त्रासच दिला तुम्हाला."

"एका दिवसाचं कुठलं घेऊन बसलात जावईबापू," काकू वाढता वाढता बोलून गेल्या. "पोळ्यापासनं ह्या मानसानं दुधाला तोंड लावलं न्हाई. शेंगदानं पिळलं, सोयाबीन आनलं, नगरपातुर हाटेलं पालथी घातली."

"मालन," आण्णा म्हणाले.

"का? नवस झाला की सांगीन म्हनला हुता ना? मग सांगा आता."

सुवर्णाचा हात ताटातच थांबला. "आई, ते पेपरात यायचं मिसळीचं, शेंगोळ्यांचं..."

"ह्योच तुझा पेपर," काकूंनी पळीनं आण्णांकडे दाखवलं.

निखिलनं हातातला घास ताटात ठेवला. तो म्हणाला, "आण्णा, सकाळी केंद्रावर मीही येऊ का तुमच्याबरोबर?"

"उद्या सकाळी?" आण्णांनी विचारलं. "तुमी तर तासाभरासाठी आलाय."

"राहतो आम्ही," सुवर्णा म्हणाली.

बबनतात्या गुळवणीचं भांडं तिरपं करून बघत होते. त्यांना यातलं काही कळलं नाही, पण पंगतीत सगळेच एकदम मोकळे हसायला लागले, तेव्हा तेही हसले.

संध्याकाळी मी बरणी परत द्यायला गेलो. निखिल आतल्या खोलीत झोपला होता, काकू शेजारणीला अनारसे वाटायला गेल्या होत्या. आण्णा ओट्यावर बसले होते आणि सुवर्णा पिशवी आवरत होती.

"तो डबा दे इकडं," आण्णा म्हणाले.

"आण्णा, सकाळचं आहे. आणि तुम्ही दुपारी किती जेवलात."

"दे गं."

तिनं डबा दिला. आत पोळ्या आणि बटाट्याची भाजी होती, गार झालेली. आण्णांनी मांडी घातली, डबा पुढे ओढला आणि घास घेतला. दिवाळसणापासून लेकीच्या हातचं त्यांनी काही खाल्लं नव्हतं. सुवर्णा समोर उकिडवी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मीठ जरा कमी हाय," ते म्हणाले.

"आमच्याकडे कमीच घालतात."

"बरंय. सवय करू." आणि त्यांनी शेवटच्या पोळीच्या तुकड्यानं डबा पुसून घेतला.